बाटलीवरचा त्रिकोण उंदराचा असतो

कीटकनाशकाच्या बाटलीवर एक तिरका चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगवलेला असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. दुकानात बहुतेकांची नजर तेवढ्यावरच थांबते: हिरवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे सांभाळून. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे हा रंग प्राणघातक मात्रेवरून ठरतो. दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पोटात गेले की चाचणीतले निम्मे प्राणी मरतात, तो आकडा ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. चाचणीतले प्राणी म्हणजे जवळपास नेहमी प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर.

म्हणजे तो त्रिकोण उंदराविषयी बोलतो. तुमचं मांजर, परसातली कोंबडी, गोठ्यातली म्हैस, शेततळ्यातला रोहू यांच्याविषयी तो गप्प असतो. माणसाविषयीही अंदाजानेच बोलतो. थायामेथोक्झाम या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. उंदरातला आकडा दीड हजाराच्या वर, म्हणजे निळा त्रिकोण. मधमाशीला मात्र पाचेक नॅनोग्रॅम पुरतात. माशीचं वजन सुमारे १०० मिलिग्रॅम धरलं तर किलोच्या हिशेबात हे ०.०५ मिलिग्रॅम झालं. तीस हजार पटींचा फरक.

या फरकाचा एक भाग मज्जातंतूंच्या रचनेतून येतो. किड्यांमधल्या काही ग्राहक-प्रथिनांना थायामेथोक्झामसारखे रेणू घट्ट चिकटतात, सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांना सैल. दुसरा भाग रेणू मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधी शरीर त्याचं काय करतं यातून येतो, आणि व्यवहारात जनावरं दगावतात ती बहुतेक इथेच.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटापासून सुरुवात करू, कारण तिथे शरीर दोन्ही बाजूंनी खेळतं. क्लोरपायरीफॉस, डायझिनॉन, मॅलॅथिऑन, पॅराथिऑन या रेणूंत फॉस्फरसला गंधकाचा अणू जोडलेला असतो. त्या रूपात ते फारसे घातक नसतात. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्स गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतात आणि क्लोरपायरीफॉसचं क्लोरपायरीफॉस-ऑक्सॉन होतं. खरं विष हे ऑक्सॉन. ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला बांधून टाकतं, मग ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचं निरोप पोचवणारं रसायन साचत जातं आणि लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास बंद, असा क्रम लागतो. थोडक्यात, विष शरीरच बनवतं. ते मोडायची तजवीजही शरीरातच असते: रक्तातलं पॅराऑक्सोनेज ऑक्सॉनचे तुकडे करतं, आणि कार्बोक्सिलएस्टरेज काही रेणू तोडतं, काहींना स्वतःला चिकटवून घेऊन अडवून ठेवतं. जनावर जगणार की मरणार हे बनवण्याचा वेग आणि मोडण्याचा वेग यांच्या शर्यतीवर ठरतं.

पक्षी ही शर्यत जवळपास नेहमी हरतात. त्यांच्या रक्तात पॅराऑक्सोनेज नसल्यासारखंच असतं. सशात ते भरपूर, उंदरात आणि माणसात मध्यम. डायझिनॉनची प्राणघातक मात्रा उंदरात ३०० मिलिग्रॅमच्या पुढे आणि मॅलार्ड बदकात ३.५ च्या आसपास आहे. अमेरिकेत गोल्फच्या हिरवळीवर डायझिनॉन मारलं की गवत चरायला उतरलेल्या बदक-हंसांचे थवे मरायचे, म्हणून तिथे गोल्फ मैदानांवरचा त्याचा वापर बंद करावा लागला. मोनोक्रोटोफॉस याहून वाईट. त्यात ऑक्सिजन आधीपासूनच बसलेला असतो, यकृताच्या मदतीची गरज नाही, पोटात गेलं की काम सुरू. उंदरासाठी आकडा १५ ते २० च्या घरात, बऱ्याच पक्ष्यांसाठी १ ते ५. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनाच्या पाम्पास भागात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं गेलं. ते नाकतोडे खाऊन उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले सुमारे २०,००० स्वेनसन बाज मेले असा अंदाज आहे. फवारलेल्या कपाशीत मेलेल्या अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या आणि मोर याच गणितात बसतात.

कार्बोफ्युरान वेगळ्या गटातलं असलं तरी पक्ष्यांच्या बाबतीत त्याच पंगतीत. मॅलार्डला दर किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी पुरतं, उंदराला आठेक मिलिग्रॅम लागतं. त्यात दाणेदार औषधाची जास्तीची अडचण अशी की पक्षी पोटातल्या गिरणीसाठी वाळूचे कण टिपतात आणि हे दाणे त्यांना वाळूच वाटतात. दाणे मातीआड गेले नाहीत आणि वरवर पसरून राहिले, तर कोंबड्या चार-पाच दिवस बंद ठेवाव्या लागतात.

मॅलॅथिऑन ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलंच असून सौम्य का, याचं उत्तर कार्बोक्सिलएस्टरेजमध्ये आहे. मॅलॅथिऑनच्या रेणूला दोन एस्टर गट आहेत. सस्तन प्राण्यांचं यकृत त्यातला एक झटकन तोडतं, आम्ल तयार होतं आणि लघवीवाटे निघून जातं. संवेदनशील किड्यांत हे एन्झाइम तोकडं असतं, त्यामुळे तिथे मॅलाऑक्सॉन साचतं. या एकाच एन्झाइमच्या भरवशावर मॅलॅथिऑन घरांच्या भिंतींवर मारायला दिलं जातं. पण हा भरवसा कच्चा आहे. १९७६ साली पाकिस्तानात हिवताप मोहिमेतल्या साडेसात हजार फवारणी कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. पुडीत मॅलॅथिऑनच होतं, पण साठवणीत त्याचं काही प्रमाणात आयसोमॅलॅथिऑन झालं होतं, आणि आयसोमॅलॅथिऑन नेमकं कार्बोक्सिलएस्टरेज बंद पाडतं. पत्र्याच्या खोलीत एक उन्हाळा काढलेली मॅलॅथिऑन भुकटी कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा गोठ्यात वापरू नका, असं म्हणतो ते यामुळे. तारीख उलटल्यावर औषधाचा जोर फक्त कमी होतो, ही समजूत इथे उलटी पडते.

इथेच उंदराच्या आकड्याची दुसरी खोट दिसते. उंदराच्या यकृतातच नाही तर रक्तातही कार्बोक्सिलएस्टरेज भरपूर असतं. माणसाच्या रक्तद्रवात ते जवळपास नसतं. उंदराकडे एक जास्तीची भिंत आहे, जी आपल्याकडे नाही. शिवाय नवजात बाळात पॅराऑक्सोनेज प्रौढांच्या मानाने काही पट कमी असतं आणि पातळी वर यायला साधारण दोन वर्षं जातात. फवारणीचे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नयेत, ते याकरता.

मिश्र औषधांकडे मी या नजरेने बघतो. प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रीन ४ टक्के हे कपाशीवरचं नेहमीचं मिश्रण. सायपरमेथ्रीन तोडायचं काम एस्टरेज एन्झाइम्स करतात आणि प्रोफेनोफॉस तीच एन्झाइम्स बांधून टाकतं. बोंडअळीत हे हवंच असतं, तिची प्रतिकारशक्ती त्यानेच मोडते. पण बोंडअळीच्या एस्टरेजला बांधणारा रेणू फवारणाऱ्याचं किंवा बांधावरच्या शेळीचं एस्टरेज सोडून देत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर वीसच्या आसपास संख्येने दगावले, तेव्हा उंच वाढलेली कपाशी, उकाडा, उघडं अंग या सगळ्यांबरोबर मिश्रणांचीही चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दोन औषधांचे त्रिकोण पिवळे असले म्हणून एका पंपात घातल्यावरही पिवळेच राहतात असं नाही.

मधमाशीत हाच प्रकार आकड्यांत पकडता येतो. इमिडाक्लोप्रीड आणि थायाक्लोप्रीड एकाच निओनिकोटिनॉइड कुटुंबातली. पहिलं माशीला काही नॅनोग्रॅममध्ये मारतं, दुसऱ्याला हजारो पट जास्त लागतं. दोन्ही रेणू माशीच्या मेंदूतल्या ग्राहकांना चांगलेच चिकटतात. फरक पचवण्यात आहे: सीवायपी९क्यू३ हे एन्झाइम थायाक्लोप्रीड भराभर मोडतं आणि इमिडाक्लोप्रीडपुढे ते हतबल ठरतं. आता त्याच टाकीत प्रोपिकोनॅझोलसारखं ॲझोल गटातलं बुरशीनाशक घाला. ही बुरशीनाशकं पी-४५० एन्झाइम्स अडवतात, बुरशी मारण्याची त्यांची रीतच ती. प्रयोगशाळेत प्रोपिकोनॅझोलसोबत थायाक्लोप्रीडची माशीवरची विषारीता ५५९ पट वाढली, त्याच कुटुंबातल्या ॲसिटामिप्रीडची १०५ पट, आणि इमिडाक्लोप्रीडची जेमतेम दीड पट. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका आहे. जिथे माशीकडे मोडायची शक्ती नव्हतीच, तिथे बुरशीनाशकाने हिरावून घेण्यासारखंही काही नव्हतं. म्हणून फुलोऱ्यातल्या डाळिंबावर, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर ॲसिटामिप्रीड मारायचं ठरलंच, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर आणि ॲझोल बुरशीनाशक न मिसळता.

आणि मधमाशी म्हणजे सगळ्या माश्या नव्हेत. पानं कापून घरटं करणाऱ्या मेगाकायली गटातल्या एका प्रजातीत, मेगाकायली रोटुंडाटामध्ये, सीवायपी९क्यू कुटुंबच नाही. थायाक्लोप्रीडला ती इतर अभ्यासलेल्या माश्यांपेक्षा अडीच हजार पटींहून अधिक हळवी निघाली. आपल्या तुरीच्या फुलांवर याच गटातल्या माश्यांची मोठी ये-जा असते. मधमाशीवर तपासलेलं 'सुरक्षित' हे लेबल त्यांच्या गळ्यात अडकवू नये.

थायामेथोक्झाम झाडात आणि किड्यात शिरलं की त्याचं क्लोथियानिडीन होतं, आणि तेही तितकंच जालीम. इमिडाक्लोप्रीडचं सस्तन शरीरात एक गमतीदार वळण होतं: नायट्रो गट निघून गेलेला जो पदार्थ उरतो तो किड्यांवर कमजोर पण आपल्या ग्राहकांवर मूळ रेणूपेक्षा जोरकस असतो. 'पचलं' म्हणजे 'संपलं' असं धरू नका.

किडे आपल्या परीने शिकतातच. हिरव्या मावा किड्याच्या प्रतिकारक वाणांत एका एस्टरेजच्या जनुकाच्या ८० पर्यंत प्रती सापडल्या आहेत आणि ते एन्झाइम किड्याच्या एकूण प्रथिनाच्या सुमारे एक टक्का होतं. ते औषध तोडतं त्याहून जास्त ते स्पंजासारखं धरून ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या अंगात अळ्या पाडणाऱ्या माशीने तर एकाच अमिनो आम्लाच्या बदलातून एस्टरेजचं रूपांतर ऑर्गॅनोफॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइममध्ये केलं.

आता मांजर. शहरात दिसणाऱ्या विषबाधांत मला सगळ्यात चीड आणणारी ही, कारण ती पूर्ण टाळता येते. परमेथ्रीन आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे पायरेथ्रॉइड गट, मज्जातंतूंतले सोडियम मार्ग उघडे ठेवतात. कुत्रा, माणूस, गाय यांचं यकृत एस्टर बंध तोडून, उरलेल्या भागाला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून त्याची विल्हेवाट लावतं. मांजर कुळात हे जोडकाम करणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक (यूजीटी१ए६) कधीच निकामी झालं आहे. पॅरासिटामॉल मांजराला मारतं तेही याच कारणाने. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रीन ४५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक असतं. त्यातला एक मिलिलिटर म्हणजे ४५० मिलिग्रॅम. साडेचार किलोच्या मांजराला दर किलोला १०० मिलिग्रॅम बसलं, आणि तेवढ्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे आणखी एक चोरवाट आहे: माणसांच्या खरजेवरचं ५ टक्के मलम. त्याच्या एका ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम. तीन किलोच्या मांजराला खाज सुटली म्हणून कोणी पाच ग्रॅम चोळलं, तर दर किलोला ८० च्या वर गेलं, वर मांजर ते चाटून पोटातही घेतं. कान फडफडणं, पंजे झटकणं, मग सगळ्या अंगाला कंप आणि झटके. काही तासांत सुरू होतं, कधी दोन-तीन दिवसांनीही. कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढून औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने अंग थंड पडतं आणि या गटाचं विष थंड शरीरात जास्त चढतं. पुढचं काम डॉक्टरचं. मेथोकार्बामॉल मागवून ठेवायला फोनवरच सांगा. आणि कुत्र्याला औषध टाकल्यावर मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका.

पिसवांवरचं फिप्रोनिल मांजराला चालतं पण सशाला मारू शकतं. तोच ससा, ज्याच्या रक्तात पॅराऑक्सोनेज सर्वांत जास्त. एका विषाला दणकट म्हणून दुसऱ्याला दणकट असं काही नसतं.

मासे पायरेथ्रॉइडच्या बाबतीत मांजराच्याही पलीकडे. ट्राउट माशावरच्या प्रयोगांत दिसलं की त्यांचं यकृत सायपरमेथ्रीनचा एस्टर बंध फार सावकाश तोडतं, आणि कल्ले मात्र पाण्यातून ते सतत ओढत राहतात. बऱ्याच माशांत दर लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम चार दिवस राहिलं की निम्मे मासे जातात. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात, उतार एकास एक धरून, २,१९६ घनमीटर पाणी मावतं. १० टक्के सायपरमेथ्रीनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे २२ मिलिलिटर, चहाचे चार चमचे, एवढ्यात पूर्ण भरलेलं तळं दर लिटरला एक मायक्रोग्रॅमवर येतं. उन्हाळ्यात तळं पाव राहिलं असेल तर एक चमचाभर. बरंचसं औषध गाळाला आणि प्लास्टिकला चिकटतं, हा त्यातला दिलासा. पण तळ्याच्या काठावर पंप धुणं आणि बाटली विसळणं बंद करायला हे गणित पुरेसं आहे. मासे वर येऊन तडफडताना दिसले तर वेळ बघा. पहाटे, ऊन्ह चढल्यावर सावरणारे मासे प्राणवायूच्या कमतरतेचे. दुपारीही गिरक्या घेणारे, आडवे पडणारे, आणि सोबत पाण्यातले किडे व झिंगेही मेलेले, तर औषध. पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे पाणकिडे प्राणवायूच्या टंचाईत सहसा मरत नाहीत.

हिरव्या त्रिकोणाचं एकच सांगतो. क्लोरअँट्रानिलीप्रोलचा उंदरातला आकडा ५,००० च्या वर. ते मज्जातंतूवर नाही, स्नायूंतल्या कॅल्शियमच्या दारावर काम करतं, आणि ते बनवलंच आहे अळ्यांसाठी. रेशीमकिडा ही अळीच. जालना-बीडकडे तुतीच्या शेजारी तूर-सोयाबीनवर हे फवारताना वाऱ्याची दिशा चुकली, तर अख्खी बॅच जाते.

म्हशींबाबत एक जुनं प्रकरण. १९७१ मध्ये इजिप्तमध्ये कपाशीवरच्या लेप्टोफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे सुमारे १,३०० म्हशी लुळ्या पडून मेल्या. हा झटपट प्रकार नव्हता. लाळ-थरथर ओसरल्यावर किंवा ती न दिसताही, पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत मागचे पाय निकामी होतात, कारण काही ऑर्गॅनोफॉस्फेट वेगळ्याच एका एन्झाइमला बांधतात आणि लांब मज्जातंतू टोकाकडून झिजत येतात. उंदरात हे सहजी दिसत नाही. म्हणून या एका चाचणीसाठी प्रौढ कोंबडी वापरतात. पिल्लंही चालत नाहीत, त्यांना ते होत नाही.

गोचिडांसाठी वापरायचं अमिट्राझ १२.५ टक्के गाई-म्हशींना लिटरला २ मिलिलिटर चालतं. घोड्याला लावू नका, त्याचं मोठं आतडं थांबतं आणि पोटदुखी उद्भवते. अमिट्राझने जनावर सुस्त होतं, नाडी मंदावते, पोट फुगतं, बाहुल्या मोठ्या होतात. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये बाहुल्या टाचणीएवढ्या आणि तोंडातून लाळेच्या तारा. पायरेथ्रॉइडमध्ये मुख्यतः कंप. हा फरक बघायचा कारण ॲट्रोपीन हा उतारा फक्त मधल्या प्रकाराला लागतो. अमिट्राझमध्ये ते आतडं आणखी थांबवतं, तिथे योहिम्बीन हवं. क्लोरपायरीफॉसमध्ये पहिल्या संध्याकाळी बरं दिसणारं जनावर दोन दिवसांनीही कोसळू शकतं, कारण चरबीत साठलेलं औषध सावकाश बाहेर येतं आणि यकृत त्याचं ऑक्सॉन करत राहतं.

ॲट्रोपीनचा हिशेबही प्राण्यागणिक बदलतो. बऱ्याच सशांच्या रक्तात ॲट्रोपीन तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे त्याचा परिणाम लगेच ओसरतो आणि डॉक्टर ग्लायकोपायरोलेटकडे वळतात. म्हशीत अडचण प्रमाणाची. ४०० किलोच्या म्हशीला दर किलोला पाव मिलिग्रॅम धरलं तर १०० मिलिग्रॅम लागतं. त्यातला चौथा भाग शिरेतून, बाकी कातडीखाली. गावातल्या दवाखान्यात मिळणाऱ्या कुपीत ०.६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे १६७ कुप्या, आणि तो पहिलाच डोस. त्यामुळे पशुवैद्यकाला फोन करताना जनावराचं अंदाजे वजन आणि बाटलीवरचं तांत्रिक नाव टक्क्यांसकट आधी सांगा, म्हणजे निघतानाच मोठ्या बाटल्या गाडीत घेता येतात.